परीक्षा डेस्कटॉपची

गेले काही आठवडे इथे काहीच लिहिलं नाही. कारण सांगितलं तर हसाल. मी एक प्रश्नपत्रिका काढत होते. सात प्रश्न, वेळ पाऊण तास. विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मला चौदा वर्षं झाली, पण प्रश्नपत्रिका काढायची वेळ कधी आली नव्हती. मी शिकवत नाही, मी मशीन सांभाळते. आणि ही प्रश्नपत्रिकासुद्धा मुलांसाठी नाहीये. ती आमच्या लॅबमधल्या नव्या डेस्कटॉपसाठी आहे. सोडवायला बसतील मुलंच, पण नापास व्हायचं असेल तर ते डेस्कटॉपने व्हायचं आहे.

परवा मावशीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तू नेमकं करतेस तरी काय गं?" म्हणून आज जरा पहिल्यापासून सांगते.

आमच्या लॅबमध्ये साठ मशीन आहेत. २०१७ साली घेतलेली, अजून धडधाकट. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमची मशीन सातव्या पिढीची. एका पिढीने हुकलं! साठच्या साठ नवी घ्यायला पैसे नाहीत, आणि चालती मशीन भंगारात काढायला मन होत नाही. म्हणून ठरलं की उबुंटू टाकायचं. एप्रिल २०२४ मध्ये आलेली २४.०४ ही आवृत्ती, म्हणजे पाच वर्षं तरी सुधारणा मिळत राहतील. पैशाचा प्रश्न मिटला, बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मी विचारलं, "पण मुलांना वापरता येतंय का, हे कधी बघायचं?"

"त्यात बघायचं काय? एक दिवस ट्रेनिंग ठेवू."

हे उत्तर मला अगदी ओळखीचं आहे. आपल्याकडे कुठलीही वस्तू वापरायला अवघड निघाली की उपाय एकच, माणसाला शिकवा. वस्तूला कुणी शिकवत नाही. ट्रेनिंगमध्ये मुलं डेस्कटॉपप्रमाणे बदलतात. मला जे करायचं होतं त्यात डेस्कटॉप मुलांप्रमाणे बदलायला हवा होता. त्याला युजेबिलिटी टेस्टिंग म्हणतात. वापरणाऱ्या माणसाला खरं काम द्यायचं, शेजारी गप्प बसायचं आणि तो कुठे अडतो ते लिहून घ्यायचं. एवढंच. ऐकायला सोपं आहे, पण त्याची आखणी करताना माझे दोन महिने गेले.

एवढा आटापिटा का, ते सांगते.

मागच्या वर्षी एक मुलगी माझ्या केबिनच्या दाराशी येऊन उभी राहिली. दुसऱ्या वर्षाची. तिचा प्रकल्प अहवाल हरवला होता. तीन दिवस बसून टाइप केलेली चाळीसेक पानं तिने मशीनच्या डेस्कटॉपवर ठेवली होती. आमच्या जुन्या व्यवस्थेत मशीन रोज रात्री पुसून पहिल्यासारखं होत असे, व्हायरस राहू नये म्हणून. तशी सूचना भिंतीवर होती, इंग्रजीत, प्रिंटरच्या मागे. चौथ्या दिवशी मशीन स्वच्छ. ती पुढे काय म्हणाली ते माझ्या डोक्यातून जात नाही. ती चिडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "सॉरी मॅडम, माझंच चुकलं. मला कॉम्प्युटरचं एवढं कळत नाही."

चूक व्यवस्थेची आणि माफी तिने मागितली.

हे फक्त तिचंच नाही. माझी आई एटीएमसमोर उभी राहिली की मागच्या माणसाला आधीच सांगून टाकते, "मला वेळ लागतो हो, मी अडाणी." तिने बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय! डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर १९८८ साली एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. माणसं वाईट रचनेचा दोष स्वतःकडे घेतात, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा. त्याचा एक परिणाम असा की अडलेली माणसं तक्रारच करत नाहीत. तक्रार नाही म्हणून वस्तू करणाऱ्याला वाटतं, सगळं छान चाललंय. आमच्या लॅबच्या तक्रारवहीत अख्ख्या वर्षात अकरा नोंदी होत्या. त्यातल्या सात पंख्याच्या.

आता मुलांविषयी. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांनी आयुष्यातला पहिला डेस्कटॉप आमच्याच लॅबमध्ये पाहिलेला असतो. मोबाइलवर मात्र ती माझ्या दसपट वेगाने चालतात. कोविडच्या काळात वर्गसुद्धा त्यांनी त्या पाच-सहा इंचाच्या पडद्यावर केले. मोबाइलमध्ये फाईल 'कुठे आहे' हा प्रश्न फारसा पडत नाही. फोटो गॅलरीत, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. स्वतःलाच मेसेज करून ठेवायचा, की झालं कपाट! हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. २०२१ मध्ये 'द व्हर्ज'मध्ये एक लेख आला होता. फाईल कुठल्या फोल्डरमध्ये आहे या प्रश्नाचा अर्थच विद्यार्थ्यांना लागत नाही, असं अमेरिकेतले प्राध्यापक त्यात सांगत होते.

खरं तर हा फोल्डर आला कुठून? झेरॉक्स कंपनीने १९८१ साली 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर कचेरीतलं टेबल मांडलेलं होतं: कागद, फोल्डर, टपालाचे ट्रे. कचेरीत काम करणाऱ्या अमेरिकन माणसाला ते पटकन कळावं म्हणून. आपल्याकडे कुणी तेव्हा हे काम केलं असतं तर कदाचित पडद्यावर रुमाल आले असते! पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत ना, तसे. 'कुठल्या रुमालात ठेवलास रे?' गंमत सोडा, पण आज अठरा वर्षांच्या मुलाला तो पुठ्ठ्याचा फोल्डर आणि तो रुमाल सारखेच परके आहेत. दोन्ही त्याने पाहिलेले नाहीत.

बरं, विद्यापीठातल्या संगणकांचा हा विचार करणारे आम्ही काही पहिले नाही. १९८३ मध्ये एमआयटीने डिजिटल आणि आयबीएम या कंपन्यांना बरोबर घेऊन 'प्रोजेक्ट अथीना' सुरू केला. कॅम्पसवरच्या कुठल्याही मशीनवर बसा, आपलं नाव-पासवर्ड घाला, तुमचं काम तुमच्यासमोर. लिनक्सच्या पडद्यामागे वर्षानुवर्षं राबलेली एक्स विंडो प्रणाली १९८४ मध्ये तिथेच जन्मली, आणि पासवर्डची राखण करणारं कर्बेरॉसही त्याच प्रकल्पातलं. आमच्या नव्या व्यवस्थेत आम्ही चाळीस वर्षांनी तेच करतोय. प्रत्येकाचं घर सर्व्हरवर, मशीन फक्त खिडकी. म्हणजे त्या मुलीसारखा अहवाल आता रात्री पुसला जाणार नाही.

मग टेस्ट कशाला, असं बैठकीत पुन्हा विचारलं गेलं. टेस्ट अशासाठी, की फाईल सर्व्हरवर सुरक्षित असणं वेगळं आणि ती मुलाला सापडणं वेगळं. शिवाय मोबाइलवर आणि गूगल डॉक्समध्ये लिहिलेलं आपोआप साठतं. 'सेव्ह' नावाची गोष्ट करावी लागते हेच ज्याला माहीत नाही, त्याचं काम सर्व्हरपर्यंत पोचणारच कसं?

उबुंटूचा डेस्कटॉप म्हणजे मुळात ग्नोम, थोडा वेगळा सजवलेला. या ग्नोमचंही २००१ साली असंच एक परीक्षण झालं होतं. सन मायक्रोसिस्टिम्सच्या लोकांनी बारा जणांना बसवून ग्नोम १.४ वापरायला दिला आणि कुठे अडतात ते लिहून अहवाल प्रसिद्ध केला. फुकट काम करणाऱ्या प्रोग्रामरांच्या जगात ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. जून २००२ मध्ये आलेला ग्नोम २ आधीच्यापेक्षा किती साधा झाला होता, ते तेव्हा वापरणाऱ्यांना आठवत असेल. बारा माणसं, आणि त्यांच्या अडण्यातून जगभरच्या लोकांचा डेस्कटॉप बदलायला मदत झाली. बैठकीत मी हेच सांगितलं आणि दोन आठवडे मिळवले.

आता आखणी.

पहिला प्रश्न, आपल्याला काय जाणून घ्यायचंय? 'नवा डेस्कटॉप आवडला का?' हे नक्कीच नाही. आमची मुलं सभ्य आहेत. समोर मॅडम बसलेल्या असताना ती "छान आहे" याशिवाय दुसरं काही म्हणणार नाहीत. म्हणून आवडीचं विचारायचं नाही, कामं द्यायची. लॅबमध्ये मुलं खरंच काय करतात ते आठवडाभर बघून सात कामं काढली. आपल्या नावाने आत शिरणं. एक पान टाइप करणं. ते ठेवणं. पेनड्राइव्हवर घेऊन पेनड्राइव्ह नीट काढणं. पीडीएफ करून पोर्टलवर चढवणं. आपलं नाव आणि गाव मराठीत लिहिणं. आणि बाहेर पडणं.

यातलं शेवटचं क्षुल्लक वाटतं ना? पण ग्नोममध्ये 'लॉग आउट' हे वरच्या उजव्या कोपऱ्यात, मशीन बंद करायच्या चिन्हाच्या पोटात लपलेलं असतं. म्हणजे बाहेर पडायचं तर आधी 'बंद करा'च्या चिन्हावर जायला हवं. मशीन बंद पडेल या भीतीने मूल तिथे जाणार नाही, तसंच उठून जाईल. आणि पुढच्या मुलासमोर त्याचं व्हॉट्सॲप वेब उघडं. एखाद्या मुलीच्या बाबतीत ही साधी गोष्ट राहत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसरा प्रश्न कामाच्या शब्दांचा. इथे फार सांभाळावं लागतं. 'डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये सेव्ह करा' असं लिहिलं की उत्तर प्रश्नातच आलं. मूल पडद्यावर तो शब्द शोधतं, सापडला की दाबतं, आणि आपण खूश. त्यातून कळत काहीच नाही. म्हणून कागदावर असं लिहिलंय: 'उद्या तुम्हाला हे मशीन मिळणार नाही, दुसऱ्या मशीनवर बसावं लागेल. तिथे हे पान पुढे लिहायचं आहे. त्यासाठी आज जे करावं लागेल ते करा.' मग खरंच त्याला उठवायचं, दुसऱ्या मशीनवर बसवायचं आणि म्हणायचं, "उद्या उजाडला." पडद्यावरचा एकही शब्द प्रश्नात येता कामा नये. सात कामं लिहायला मला नऊ दिवस लागले ते यामुळे.

मराठीचं काम तर वेगळाच विषय आहे. इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९८६ पासून आपल्याकडे प्रमाण मानला जातो. भारतीय लिप्यांसाठी तो अतिशय विचारपूर्वक केलाय, मी स्वतः त्यावरच लिहिते. पण मुलं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत 'घरी' लिहून मराठी 'घरी' मिळवतात. त्यांना मी इन्स्क्रिप्ट द्यायचा का त्यांच्या सवयीचा ध्वन्यात्मक कळफलक? माझं मत मला ठाऊक आहे. म्हणूनच ते बाजूला ठेवलंय. दोन्ही ठेवायचे आणि बघायचं.

तिसरा प्रश्न, माणसं किती आणि कोणती? याकोब नीलसन यांचं 'पाच जण पुरतात' हे वाक्य या क्षेत्रात सुभाषितासारखं फिरतं. त्यामागचं गणित असं: नीलसन आणि लँडॉअर यांनी १९९३ मध्ये अनेक प्रकल्पांचे आकडे तपासले, तर एका माणसाच्या परीक्षणात सरासरी ३१ टक्के अडचणी दिसत होत्या. तेवढ्या धरल्या तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. पण ३१ ही सरासरी आहे. जी अडचण दहांतून एकालाच येते, ती पाच जणांत दिसण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के. आणि पाचही जण एकाच साच्यातले निवडले तर दुसऱ्या साच्याच्या अडचणी दिसायच्याच नाहीत. म्हणून आम्ही दोन पंचकं केलीत. एक, ज्यांच्या घरी संगणक आहे. दुसरं, ज्यांच्या हातात आजवर फक्त मोबाइल होता. शिवाय एक मुलगा, ज्याला दिसत नाही. तो ऑर्का हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणार. त्याची बैठक वेगळी, वेळ दुप्पट. लॉगिनच्या पडद्यावरच ऑर्का सुरू होतं का, हे त्याच्यासाठी पहिलं काम. तिथेच आवाज आला नाही तर पुढची सहा कामं त्याच्यासाठी नाहीतच.

मुलं मिळवण्याचाही एक किस्सा. विभागांना पत्र पाठवलं तर एका ठिकाणाहून लगेच यादी आली. सोबत निरोप, "हुशार हुशार मुलं निवडून पाठवतोय, काळजी नको." भावना चांगली, पण मला हुशार मुलं नको होती! म्हणजे नकोत असं नाही, पण मुद्दाम निवडलेली नकोत. मग मी स्वतः लॅबच्या दाराशी बसले आणि येईल त्याला दोन प्रश्न विचारले. घरी संगणक आहे का? शेवटची फाईल कुठे ठेवली होती? दुसऱ्या प्रश्नाला एकाने उत्तर दिलं, "मित्राच्या मोबाइलवर." त्याला लगेच घेतला.

चौथा प्रश्न खोलीचा. माझी केबिन नको, तिथे मुलं फी माफीचे अर्ज घेऊन येतात. लॅबच्या कोपऱ्यातच दोन मशीन. मी शेजारी बसायचं, मागे उभं राहायचं नाही. मागे उभा राहतो तो पर्यवेक्षक. शिक्षक कुणीही नकोत, मग ते कितीही प्रेमळ असोत. चेहऱ्याचं चित्रीकरण नाही, फक्त पडद्याचं. संमतीचा कागद मराठीत, एका पानात, आणि त्यात ठळक अक्षरांत: केव्हाही उठून जाता येईल, कारण सांगावं लागणार नाही. आणि शेवटी चहा-वडापाव. उत्तर कसंही आलं तरी.

पाचवा प्रश्न मला सगळ्यात जड जाणार आहे. गप्प बसणं. या पद्धतीत माणसाला मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगतात. मुळात ही मानसशास्त्राच्या प्रयोगांतली रीत. आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी १९८२ च्या सुमारास ती संगणकाच्या परीक्षणासाठी वापरायला घेतली. पण मोठ्याने विचार करायची सवय आपल्याला कुठे असते? उलट लहानपणापासून 'मनात वाच' हेच ऐकलेलं. म्हणून आधी एक सराव देतात: तुमच्या घराला खिडक्या किती, ते मोठ्याने मोजा. माणूस मनातल्या मनात घरभर फिरतो आणि बोलत राहतो. हा सराव मी लॅबमधल्या एका मुलाबरोबर करून पाहिला. तो म्हणाला, "पुढच्या खोलीत एक... स्वयंपाकघरात एक, पण ती आजीने बुजवलीय, मांजर येतं म्हणून... म्हणजे मोजू का नको?" हे असंच हवंय. ती बुजवलेली खिडकी.

आणि मग काम सुरू झाल्यावर मुलगा अडतो, माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "मॅडम, हे दाबू का?" इथे उत्तर द्यायचं नाही. म्हणायचं, "मी इथे नसते तर काय केलं असतंत?" तोंडापर्यंत आलेलं 'वरती बघ ना, उजवीकडे' गिळायचं. आपल्याकडे कुणी अडला की मदत करणं हा धर्म आहे. समोरचा धडपडत असताना हाताची घडी घालून बसणं हे दुष्टपणासारखं वाटतं. पण मी मदत केली तर तो एकच मुलगा सुटेल, आणि मी नसताना त्याच जागी अडणारे बाकीचे तिथेच राहतील. हे मी कागदावर लिहून मशीनला चिकटवलंय. मुलांसाठी नाही, माझ्यासाठी.

शेवटी दहा वाक्यांची एक प्रश्नावली आहे. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेली, जगभर वापरतात. त्यातून शून्य ते शंभरमध्ये एक आकडा निघतो. आमच्या समितीला आकडे आवडतात म्हणून ती ठेवली. पण त्यात एक धोका आहे. तो आकडा टक्केवारी नव्हे. सरासरी साधारण ६८ च्या आसपास धरतात, म्हणजे ६५ मिळाले तर 'फर्स्ट क्लास' म्हणून पेढे वाटायचे नाहीत, ते सरासरीच्या खालीच आहेत. आणि पाच जणांच्या उत्तरांतून निघालेला आकडा तसाही डळमळीतच. अहवालात तो शेवटच्या पानावर जाईल. पहिल्या पानावर मुलांची वाक्यं.

आखणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र एका ओळीची आहे आणि ती मी समितीकडून आधीच सही करून घेतली. निकाल आल्यावर काय करायचं, ते निकालाआधी ठरवायचं. नाहीतर नंतर प्रत्येक अडचणीला 'होईल सवय' हे उत्तर तयार असतं. ठरलंय असं: कुठल्याही पंचकात तीन किंवा जास्त जण एखाद्या कामात अडले तर ती गोष्ट बदलल्याशिवाय साठ मशीनवर काही टाकायचं नाही. पण काम ठेवणं आणि बाहेर पडणं या दोन गोष्टींत तीनची वाट बघायची नाही. एकाचंही पान हरवलं, एकाचंही खातं उघडं राहिलं, तरी थांबायचं. सही करताना एक सदस्य म्हणाले, "एकासाठी साठ मशीन अडवायची?" मी त्या मुलीची गोष्ट सांगितली. त्यांनी सही केली.

बदलू तरी काय शकतो, असंही कुणी विचारेल. ग्नोम आम्ही लिहिलेला नाही, खरं आहे. पण डावीकडच्या पट्टीत काय ठेवायचं, फोल्डरांची नावं काय, मराठी कळफलक आधीपासून चालू असावा का, 'लॉग आउट'साठी वेगळं ठसठशीत चिन्ह ठेवायचं का, हे सगळं आमच्या हातात आहे. साठ मशीनवर एकदा बदललं की झालं. त्याच्यापुढे एक दिवसाचं ट्रेनिंग काय चीज आहे?

खऱ्या परीक्षणाआधी एक रंगीत तालीम असते. त्यासाठी आमच्या लॅबमधले मामा बसले. मामा म्हणजे लॅब परिचर, कुलूप-किल्ली, झाडझूड, प्रिंटरचा कागद सगळं त्यांच्याकडे. साठ मशीन रोज पुसतात, पण स्वतःसाठी कधी एकावरही बसलेले नाहीत. मी कागदावर वर लिहिलं होतं, 'डेस्कटॉप चाचणी'. मामांनी ते वाचलं आणि खुर्चीत ताठ झाले. रुमालाने हात पुसले. चौथ्या कामाला पेनड्राइव्ह कुठे दिसतो ते सापडेना, कपाळावर घाम आला. मी गप्प. पाचव्याला म्हणाले, "आता नाही जमायचं." आणि उठताना हळूच विचारलं, "मॅडम, पास झालो का?"

तालीम असते ती याचसाठी. त्या संध्याकाळी सगळ्या कागदांवरून 'चाचणी' हा शब्द काढला. चाचणी, परीक्षण, तपासणी, आपल्या शाळेत हे सगळे शब्द माणसावर चालतात, वस्तूवर नाही. पहिलीपासून आपली परीक्षाच होत आलेली आहे. समोर कागद आणि शेजारी मॅडम असल्या की कुठल्याही वयाचा माणूस विद्यार्थी होतो आणि दोष घ्यायला तयार होतो. पुस्तकात एक वाक्य दिलेलं असतं, 'आम्ही तुमची नाही, प्रणालीची परीक्षा घेत आहोत.' ते मामांना मी वाचून दाखवलं होतंच. पण वाचून दाखवलेलं वाक्य आणि पंचवीस-तीस वर्षांची सवय यांत वाक्य हरतं.

म्हणून आता सुरुवात वेगळी केलीय. मुलगा आला की त्याच्या हातात लाल पेन द्यायचं. आणि एक कोरी गुणपत्रिका. वर विद्यार्थ्याचं नाव: उबुंटू. खाली सात विषय. प्रत्येक काम झालं की डेस्कटॉपला दहापैकी गुण त्याने द्यायचे, शेरा त्याने लिहायचा. दुसऱ्या दिवशी मामांनाच पुन्हा विनंती केली. लाल पेन हातात आल्यावर आधी हसले. मग पेनड्राइव्हच्या ओळीपाशी बराच वेळ थांबले, चष्मा वर केला आणि दहापैकी तीन दिले. शेरा: 'कोपऱ्यात लपून बसतो. लक्ष नाही.'

पेनड्राइव्हचं चिन्ह आता मोठं केलंय.

परवा सोमवारपासून बैठका सुरू. अकरा मुलं, चार दिवस, बावीस कप चहा. निकाल काय लागेल ते इथे लिहीनच. तोवर घरच्या घरी एक प्रयोग करून बघा. आईला, आजोबांना त्यांच्याच मोबाइलवर एखादं रोजचं काम करायला सांगा, शेजारी बसा आणि दहा मिनिटं एक अक्षर बोलू नका. "आण इकडे, मी करून देतो" हे तर मुळीच नाही. ती कुठे थांबतात ते फक्त बघा. आणि "मला नाही गं जमत" असं म्हणाली की त्यांना लाल पेन द्या.